पाटी नसलेली बँडची शिकवणी: नागपूरच्या महाल भागातील एका वर्गाचा वर्षभराचा अनुभव

नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या या वर्गाला नाव नाही आणि रस्त्यावर पाटीही नाही. लष्करी बँडमध्ये युफोनियम हे मोठे पितळी फुंकवाद्य वाजवून निवृत्त झालेले एक हवालदार तो चालवतात व विद्यार्थी त्यांना 'उस्ताद' म्हणतात. माझा भाचा गेल्या वर्षी तेथे दाखल झाला. त्याआधी दोन हंगाम तो लग्नाच्या वरातींत ट्रम्पेट वाजवत असे. वायुसेनेच्या अग्निवीरवायू (संगीतज्ञ) भरतीची, म्हणजे अग्निपथ योजनेतून बँडसाठी होणाऱ्या भरतीची, माहिती हाती आली, तेव्हा वरातीतल्या हौसेची नोकरी होऊ शकते हे घरात प्रथमच सर्वांना पटले.

वरातीत वाजवणाऱ्या मुलाचा कान तयार असतो. डोळा मात्र कोरा असतो. भाचा कोणतेही गाणे एकदा ऐकून वाजवत असे, पण समोर कागद ठेवला की गप्प होई. उस्तादांनी पहिले दोन महिने त्याला एकही गाणे वाजवू दिले नाही. गाल फुगवून फुंकण्याची सवय मोडणे, ओठांची ठेवण बसवणे, एकच स्वर न थरथरता वीस मोजेपर्यंत धरणे आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणे एवढाच अभ्यास होता. मी स्वतः हार्मोनियम वाजवतो, त्यामुळे ट्रम्पेटच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो तेव्हा प्रत्यक्षात काळी पाच का ऐकू येते, हा गोंधळ मलाही होता. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही बी फ्लॅटची, म्हणजे काळी पाचची वाद्ये (कागदावरचा 'सी' त्यांवर बी फ्लॅट ऐकू येतो), तर आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, म्हणजे काळी दोनचा. त्यामुळे एकच धून प्रत्येकाच्या कागदावर निरनिराळी लिहावी लागते, हे उस्तादांनी माझी हार्मोनियम मागवून घेऊन दहा मिनिटांत समजावले. एवढ्या सोप्या रीतीने हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. हवा तापली की फुंकवाद्यांचा स्वर चढतो, आणि नागपूरचा मे महिना कसा असतो हे येथे सांगायला नको. उस्ताद सकाळी सहाला वर्ग सुरू करतात आणि नऊ वाजता तेच स्वर पुन्हा वाजवायला लावतात, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड (स्वर उतरवण्यासाठी बाहेर ओढायची नळी) किती बाहेर ओढावी हे स्वर दाखवणाऱ्या यंत्राकडे न पाहता कानाने ठरवता यावे. भरतीच्या चाचणीत आपले वाद्य जुळवून घेणे आणि अनोळखी स्वर गळ्याने व वाद्यावर ओळखून दाखवणे अपेक्षित असते, त्यामुळे हा केवळ शिस्तीचा हट्ट नव्हता.

शनिवारी सर्वांना गच्चीवर नेऊन चालता चालता वाजवायला लावतात. मिनिटाला सुमारे १२० पावले टाकताना माउथपीस (वाद्याचा ओठांना लावायचा भाग) दातांवर आदळू न देणे हे खोलीत बसून शिकता येत नाही. बेस ड्रम नसल्यामुळे एक मुलगा पाण्याची रिकामी टाकी बडवतो. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही, हे नवलच.

आता उणिवा. धावण्याकडे वर्गाचे पूर्ण दुर्लक्ष आहे. वायुसेनेच्या भरतीत मुलांना १.६ किलोमीटर ७ मिनिटांत आणि मुलींना ८ मिनिटांत धावावे लागते; वाद्याची चाचणी उत्तीर्ण झालेला माझा भाचा तेथे नऊ सेकंदांनी मागे पडला. इंग्रजीच्या लेखी परीक्षेबाबतही 'ते घरी पाहा' एवढेच उत्तर मिळते. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे नोकरीच्या अटी उस्ताद आपल्या काळाच्या हिशेबाने सांगतात. २०२२ पासून अग्निपथ योजनेत नेमणूक चार वर्षांची असते, वेतन पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये आहे, आणि पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. हे पालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवे. युद्धकाळात बँडच्या जवानांना जखमींची ने-आण करावी लागते, हे मात्र त्यांनी आवर्जून सांगितले. पचमढीच्या लष्करी संगीत विद्यालयात थेट प्रवेश मिळतो, हा अनेकांचा समजही त्यांनी दूर केला. १९५० साली सुरू झालेली ती संस्था सेवेत रुजू झालेल्यांना शिकवते.

शुल्क महिना १,५०० रुपये असून ते वाजवी आहे. वर्गातील जुनी वाद्ये मेरठची आहेत. त्यांतल्या दोन ट्रम्पेटचे वाल्व्ह अडकतात, म्हणून आपले वाद्य आणि निदान आपले माउथपीस तरी सोबत न्यावे. तबला किंवा गिटार वाजवणाऱ्यांना येथे फारसे काही मिळणार नाही, कारण उस्तादांचा हात पितळी वाद्यांवरच बसलेला आहे. बँड्समनच्या पोलीस भरतीची तयारी करणारी दोन मुलेही सध्या याच तुकडीत आहेत आणि त्यांना नोटेशनचा उपयोग होतो आहे. भाच्याने वर्ग सोडलेला नाही. आता तो पाच वाजता रेशीमबागेच्या मैदानावर धावतो आणि श्वास बसला की माडीचा जिना चढतो. तसे केल्याने दीर्घ स्वर आणखी चार मोजांनी वाढला, असे तो सांगतो.