लग्नाच्या फोटोग्राफीत आयपॅड एअर: दोन लग्नसराया वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, लॅपटॉप की टॅब असा प्रश्न असेल तर लॅपटॉप घ्या. माझ्याकडे घरी डेस्कटॉप आहे, म्हणून मी ॲपलचा 11 इंची टॅब, आयपॅड एअर (एम2 चिप, 128 जीबी) घेतला. 2024 मध्ये बाजारात आला तेव्हा किंमत 59,900 रुपये होती, स्क्रीनवर लिहायची पेन्सिल वेगळी. काम ठाणे-नवी मुंबईतली लग्नं आणि मुंजी. एडिटिंगसाठी मी तो जवळजवळ वापरतच नाही, आणि तरी पैसे वसूल झाले.

वसूल झाले ते अल्बमच्या सिलेक्शनमध्ये. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, लग्न दोन दिवसांत उरकतं, पण अल्बमचे फोटो निवडून यायला महिनोन् महिने जातात. लिंक पाठवायची, नवरा-नवरी आपापल्या ऑफिसात, आईकडे लिंक उघडत नाही, मावशी स्क्रीनशॉट पाठवणार आणि आपण त्यावरून मूळ फाइल शोधत बसायचं. तोवर उरलेलं पेमेंटही अडकलेलं. आता मी टॅब घेऊन थेट घरी जातो. नौपाड्यात एका घरी नवरीच्या आजींनी तो मांडीवर घेतला. पहिल्या दोन-तीन फोटोंना बोट बिचकलं, मग दोन बोटांनी फोटो मोठा करून म्हणाल्या, "नथ वाकडी झालीय हिची, पुढचा बघू." डोळे मिटलेली करवली त्यांनीच बाद केली. विहीणबाईंचा धड एकही फोटो आलेला नाही, हेही त्यांच्याच लक्षात आलं आणि ग्रुप फोटोंतून त्यांनी एक शोधून दिला. चहा-पोहे होईस्तोवर आम्ही सप्तपदीपर्यंत पोचलो होतो. लॅपटॉप असला की माउस माझ्या हातात आणि घरचे माझ्या खांद्यावरून डोकावणार. टॅब हातोहात फिरतो, त्यामुळे निवड त्यांची होते आणि नंतर "हा का घेतला?" असं कुणी विचारत नाही.

त्याआधीची माझी छाटणीही आता टॅबवरच होते. घरी डेस्कटॉपवरच्या लाइटरूम क्लासिकमध्ये (फोटो निवडायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर) फोटो घेतले की तो संग्रह क्लाउडमार्फत टॅबशी जोडतो, म्हणजे सिंक करतो. क्लासिकमधून क्लाउडवर मूळ रॉ (कॅमेऱ्यातल्या मोठ्या, कच्च्या फाइली) जात नाहीत, स्मार्ट प्रिव्ह्यू म्हणजे लांब बाजूला 2560 पिक्सेलच्या छोट्या प्रती जातात आणि त्या क्लाउडच्या जागेत धरल्याही जात नाहीत. याउलट रॉ थेट टॅबमधल्या लाइटरूममध्ये घेतले तर मूळ फाइली अपलोड व्हायला लागतात. एका लग्नाचे रॉ किती होतात हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. अल्बम ऑफलाइन साठवून ठेवला की नेट लागत नाही. दुपारची वाशी लोकल ठाण्याहूनच सुटते, बसायला मिळतं. स्क्रीनच्या उजव्या बाजूला बोट वर सरकवलं की फोटो पसंत, खाली सरकवलं की बाद. डावीकडे तसंच केलं की स्टार. तुर्भे येईपर्यंत हळदीचा निकाल लागलेला असतो. टॅबला नेट मिळालं की हे सगळं घरच्या डेस्कटॉपवर उमटतं.

मंगल कार्यालयात कॅमेऱ्याच्या कार्डाचा बॅकअप घेणं मात्र कटकटीचं आहे. पोर्ट एकच; त्यात कार्ड रीडर, एसएसडी (बाहेरून जोडायची डिस्क) आणि चार्जर, म्हणजे एका पोर्टाची अनेक करणारा हब आलाच. माझा पहिला स्वस्तातला हब ऐन मंगलाष्टकांच्या तोंडावर एसएसडी सोडून द्यायचा. आता चार्जिंगची वीज पुढे देणारा जरा महागातला घेतलाय. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या पद्धतीने) फॉरमॅट केलेल्या एसएसडीवर आयपॅडला लिहिता येत नाही, ती आधी दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. आणि पैसे वाचवायला साधा आयपॅड घेत असाल तर एक बघून ठेवा: त्याचं टाइप-सी पोर्ट यूएसबी 2 चं, 480 मेगाबिटचं आहे. 64 जीबीचं कार्ड कागदोपत्रीच 18 मिनिटं घेतं, प्रत्यक्षात अर्धा तास धरा. एअरचं पोर्ट 10 गिगाबिटचं आहे, तिथे वेग कार्डामुळे अडतो. तरीही माझा खरा बॅकअप कॅमेऱ्यातलं दुसरं कार्डच.

रंगांचं म्हणाल तर स्क्रीन सुंदर आहे, आणि तीच अडचण आहे. तिच्या पी3 म्हणजे जास्त गडद रंग दाखवणाऱ्या पट्ट्यात हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा असा काही उठून दिसतो की लॅबचा छापील अल्बम बघून लोकांचे चेहरे पडतात. ट्रू टोन, नाइट शिफ्ट (स्क्रीनचा रंग आपोआप बदलणारी सेटिंग्ज) बंद करा आणि ब्राइटनेस निम्म्यावर आणा, नाहीतर प्रिंट काळपट वाटते. डेस्कटॉपच्या मॉनिटरसारखी ही स्क्रीन रंग मोजायचं यंत्र लावून पूर्ण कॅलिब्रेट करता येत नाही, म्हणजे रंग अचूक जुळवता येत नाहीत, म्हणून शेवटचा रंग घरीच ठरवतो.

मे महिन्यात लॉनवरच्या लग्नात तो बाहेर काढूच नका. कंपनीच्याच माहितीत वापरासाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान दिलंय आणि आपल्याकडे सकाळचा मुहूर्त लागेतो तेवढं सहज होतं. शिवाय काचेत फोटोऐवजी मांडवच दिसतो.

पेन्सिल रिटचिंगसाठी घेतली होती, वापर झाला भलताच. अल्बमच्या डिझाइनची पीडीएफ उघडून देतो आणि नवरीची आई थेट पानावर गोल करून लिहिते, "हा मोठा." फक्त 12 बाय 36 इंचांचं अख्खं पान 11 इंचांवर पट्टीसारखं दिसतं, निम्मी स्क्रीन रिकामीच. त्यासाठी 13 इंची बरा पडला असता, पण तो 617 ग्रॅमचा आणि माझा 462. मांडीवर घेऊन दोन तास बघणाऱ्या बायकांकडे पाहता मी 11 इंचीच पुन्हा घेईन.