कानाच्या मशीनबरोबर आठ महिने

मंडईत भाजीवाली 'साठ' म्हणायची आणि मला 'आठ' ऐकू यायचं. वर्षभर असं चाललं होतं. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, त्यामुळे हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात अशी माझी खात्री झाली होती. माझं वय 71. ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, काढल्यावर कारण समजलं. वय वाढतं तशा आतल्या कानातल्या केसासारख्या बारीक पेशी झिजतात आणि आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं त्याच पट्टीतली. या पेशी पुन्हा येत नाहीत, म्हणून तेल-गोळ्यांचा उपयोग नाही.

आधी ऑनलाइन मागवलेलं एक स्वस्त यंत्र तीन दिवसांत ठेवून दिलं होतं, ते सगळेच आवाज सरसकट मोठे करायचं. आताचं मशीन दोन्ही कानांना, कानामागे बसणारं. ऑडिओग्रामप्रमाणे लावून दिलंय, जिथे कमी तिथेच वाढवतं.

तरी पहिले पंधरा दिवस फार जड गेले. पेपरचं पान उलटलं की कडकड, मोरीतली भांडी थेट डोक्यात, स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा. दोनदा मशीन कपाटात गेलं. ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "काका, मेंदूला या आवाजांची सवय राहिलेली नाही. रोज थोडा वेळ वाढवत न्या." दोन तासांपासून सुरुवात केली. सेटिंग तीनदा बदलून घेतलं. दीड महिन्याने पेपरचा आवाज पेपरइतकाच वाटायला लागला. नव्याने मशीन घेतलेल्यांना कळकळीने सांगतो, पंधरवड्यात निकाल लावू नका.

बॅटरी 312 नंबरची, तपकिरी स्टिकरची. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. मला आठवडाभर पुरते. आवाज अचानक गेला तर आधी मशीनची, कानातला मळ अडवणारी जाळी बघा. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवतो.

घरच्यांनी मात्र ओरडू नये. आमची सूनबाई आता स्वयंपाकघरातून हाक मारत नाही, समोर येऊन सावकाश बोलते. मशीनइतकाच फरक त्याने पडला.

लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही निम्मं निसटतं. तिथे मी भिंतीला पाठ लावून बसतो. मागचा गलका कमी होतो, समोरच्याचे ओठ दिसतात. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात अशाच खुर्चीवरून धाकट्या भावाशी तासभर बोललो.