‘फुल अपग्रेड’ एअरसॉफ्टचा गिअरबॉक्स उघडला तेव्हा

इंदूरात एअरसॉफ्टचा, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळातल्या बंदुकांचा, नाद असलेले लोक मोजके. त्यामुळे जुना माल ओळखीतून, फोनवरच्या व्हिडिओवरून हात बदलतो आणि नेमकी तिथेच टोपी घातली जाते. रामबागेतल्या एका कॉलेजच्या मुलाने अशीच एम४ रायफलच्या धर्तीची इलेक्ट्रिक प्रतिकृती १८,००० रुपयांना घेतली. विकणाऱ्याचं म्हणणं, “भैया, फुल अपग्रेड है, आपको कुछ करना ही नहीं है.” सांगितलेली यादी अशी: एम१२० स्प्रिंग, स्टीलच्या दातांचा पिस्टन, ६.०३ मिमीची आतली बॅरल, मॉस्फेट (ट्रिगरचा इलेक्ट्रॉनिक स्विच), ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि ४२० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ४२० फूट वेग. दोन मॅगझिन जेमतेम रिकामी झाली आणि गिअरबॉक्स घरघरून थांबला.

यादीतला पहिला धोका आकड्यातच होता. स्प्रिंगवरचा ‘एम’चा आकडा म्हणजे ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याचा मीटर प्रतिसेकंदातला अंदाजे वेग. एम१०० म्हणजे साधारण ३२८ एफपीएस, एम१२० म्हणजे ३९४. नवीकोरी, उत्तम सील असलेली गनसुद्धा एम१२०वर ४२० सहजी देत नाही. मग व्हिडिओत क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, ४२० उमटलं कसं? छर्रे ०.१२ ग्रॅमचे होते. पुडी टेबलाच्या कोपऱ्यात दिसतही होती, पण तिकडे बघतो कोण? हिशोब सोपा आहे. ०.१२ ग्रॅमला ४२० एफपीएस, म्हणजे सेकंदाला १२८ मीटर, म्हणजे ०.९८ जूल. तेवढीच ऊर्जा ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याला दिली तर वेग ३२५च्या आसपास येतो. म्हणजे कारखान्यातून येते तशीच साधी गन. क्रोनोग्राफमध्ये वजन ०.२० ठेवून ०.१२चे छर्रे झाडले तर पडद्यावर १.६ जूल दिसतात, म्हणून जूलचा आकडाही पुरावा नाही.

व्हिडिओ मागायचा तर असा मागा: छर्ऱ्यांची पुडी कॅमेऱ्यासमोर, हॉप-अप (छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारा रबराचा भाग) पूर्ण बंद, सलग दहा फैरी, आणि मागे गाणं नको. दहा आकड्यांत वीस-पंचवीस एफपीएसचा फरक पडत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. गाण्याचं म्हणाल तर ते गिअरची किंचाळी झाकायलाच लावलेलं असतं. शिमिंग, म्हणजे पातळ चकत्या (शिम) घालून गिअर नेमके बसवणं, नीट झालेला गिअरबॉक्स घुमतो, किंचाळत नाही.

आता पोटातला माल. व्हर्जन २चा (एम४ धर्तीच्या गनमध्ये असतो त्या प्रकारचा) गिअरबॉक्स बाहेर काढायला अर्धा तास लागतो: मूठ उघडून मोटर काढायची, बॉडी पिन काढून वरचा भाग सरकवायचा, मॅगझिन कॅच काढायचा, मग आख्खा डबा उचलून बाहेर निघतो. शेलचे, म्हणजे डब्याच्या कवचाचे, स्क्रू बहुतेक टी१० टॉर्क्स (ताऱ्याच्या खाचेचे) असतात. उघडण्याआधी अँटी-रिव्हर्सल लॅच (गिअर उलटा फिरू न देणारी खिट्टी) सोडून स्प्रिंगचा ताण उतरवा. स्प्रिंग गाइडमधून स्क्रूड्रायव्हर घालून शेल दाबून धरा आणि चष्मा लावा, नाहीतर स्प्रिंग आणि शिम खोलीभर शोधत बसाल. इथे तर टॉर्क्सची डोकी आधीच चुरलेली होती आणि तरी विकणारा म्हणत होता की डबा कधी उघडलेला नाही.

स्प्रिंग मूळचीच होती. गाइडच्या मागे हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर भरून ती जास्त दाबलेली. याने वेग थोडा वाढतो, पण पिस्टन पूर्ण मागे यायच्या आतच वेटोळ्याला वेटोळं टेकतं. पिस्टनला जागा उरत नाही, सेक्टर गिअर (पिस्टन मागे ओढणारा गिअर) मात्र ओढतच राहतो आणि सगळ्यात कमजोर वस्तू तुटते. ती वस्तू म्हणजे ‘स्टीलचे’ दात. प्लास्टिकच्या दातांवर चंदेरी रंग मारला होता, लोखंड फक्त शेवटच्या दातात. चुंबक फिरवला असता तर दोन सेकंदांत कळलं असतं.

ग्रीसबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ही युक्ती सर्रास चालते. डब्यात मोटारीच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस कोंबलेलं होतं. त्याने आवाज दबतो, बुशिंगची (गिअरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्यांची) ढिलाई लपते आणि पहिले काही दिवस गन ‘स्मूथ’ वाटते. मग तेच ग्रीस नोझलमधून (छर्ऱ्यामागे हवा सोडणाऱ्या नळीतून) हॉप-अपच्या रबरावर पोचतं आणि छर्रा कधी वर, कधी डावीकडे जायला लागतो. गिअरच्या दातांवर पातळ थर आणि पिस्टनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका, याहून जास्त लागत नाही. शिम तर तीन गिअरमध्ये मिळून एकच निघाली.

कॉम्प्रेशन तपासायला यंत्र लागत नाही. नोझल सिलेंडर हेडवर बसवून त्याचं तोंड बोटाने बंद करा आणि पिस्टन हेड पुढे ढकला. तोंड दाबलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजसारखा तो अडून राहिला पाहिजे. इथे तो फुस्स करून तळाशी गेला.

६.०३ची बॅरल साध्या व्हर्नियरने ठरवता येत नाही. सांवेर रोडच्या कारखान्यांत कुणाचं टूलरूम ओळखीचं असेल तर ६.०५चा पिन गेज (नेमक्या जाडीची मोजणीची सळई) घालून बघा. मूळ बॅरल साधारण ६.०८ची असते, तिच्यात तो जातो, खऱ्या ६.०३मध्ये जात नाही. हा गेज आरामात आरपार गेला. मॉस्फेट म्हणून दाखवलेल्या काळ्या श्रिंक ट्यूबखाली नुसता फ्यूज होता.

बॅटरीची लबाडी तर वायर मोजूनच पकडता येते. ११.१ व्होल्ट म्हणजे तीन सेल, म्हणजे बॅलन्स प्लगला (चार्जरला जोडायच्या छोट्या पांढऱ्या प्लगला) चार वायर. स्टिकर ११.१चं आणि वायर तीन असतील तर ती ७.४ व्होल्टचीच. पूर्ण चार्जला मीटरवर ८.४ दिसतील, १२.६ नाही. जेल रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटरही हे काम करतो. नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवून चार्जर तीन सेलवर लावणं मात्र महागात पडू शकतं; लिपो जादा चार्ज झाली की फुगते आणि पेटतेही. सेल फुगलेला असेल तर कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

ही खरी बंदूक नाही हे दाखवणारं नळीचं केशरी टोक काळं करून देण्याला काही विक्रेते ‘रियल लुक मॉड’ म्हणतात. ते मॉड नव्हे, रस्त्यात पोलिसांशी गाठ पडायची सोय आहे.

पैशांची पद्धतही ठरलेली. अर्धे आधी यूपीआयने, उरलेले पार्सल दारात आल्यावर, आणि पार्सल पैसे दिल्याशिवाय उघडायचं नाही. काहींना त्यानंतर ‘कस्टममध्ये अडकलंय, डिपॉझिट भरा’ असा फोन येतो. देशातल्या देशात, एका घरातून दुसऱ्या घरी जाणाऱ्या पार्सलवर कसलं कस्टम? ‘रिफंड’साठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही.

पैसे गेले तर लगेच सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. ‘वस्तूच अशी आहे, तक्रार कशी करायची’ या भीतीवर हे लोक जगतात. आर्म्स रूल्स, २०१६ मध्ये बंदुकीच्या प्रतिकृतींचाही विचार केलेला आहे, म्हणून घेतानाच मूळ बिल आणि आयातीचा कागद मागावा. ते नाहीत म्हणणाऱ्याकडून घेऊच नये.

त्या मुलाच्या गनमधून शेल, गिअर आणि मोटर कामाची निघाली. पिस्टन, ओ-रिंग, हॉप-अपचं रबर, एम१०० स्प्रिंग आणि शिमचा एक संच घातला, वॉशर फेकले आणि बॅटरी ७.४चीच ठेवली की ती ०.२०वर ३२०-३३० सरळ देईल.