पॉइंटसाठी सीडिंग: आठ महिन्यांनंतर

मुक्त परवान्याची सॉफ्टवेअर आणि कॉपीराइट संपलेली जुनी ध्वनिमुद्रणं वाटणाऱ्या, फक्त सभासदांसाठी असलेल्या एका ट्रॅकरवर (सभासदांना एकमेकांकडून थेट फाइल घेता याव्यात म्हणून जोडून देणाऱ्या साइटवर) मी आठ महिन्यांपासून आहे. तिथे कोण इतरांना किती देतो याचा हिशोब दोन तऱ्हांनी होतो: रेशो, म्हणजे पाठवलेलं भागिले उतरवलेलं, आणि बोनस पॉइंट, म्हणजे सीडिंगचे, फाइल पूर्ण उतरल्यावरही ती इतरांसाठी चालू ठेवण्याचे गुण.

रेशोने पहिले तीन महिने मला रडवलं. माझी लाइन खाली ओढते वेगाने, वर पाठवते सावकाश. लोकप्रिय फाइल आली की वेगवान सर्व्हरवाले मिनिटांत सगळ्यांना पुरवून मोकळे, माझ्याकडून कोणी दोन एमबीही घ्यायचं नाही. एकाचं अपलोड म्हणजे दुसऱ्याचं डाउनलोड, तेव्हा एकूण रेशो १ च्या आसपासच राहणार. कोणाचा २० झाला की बाकीचे खाली जाणारच. माझा ०.४ वर आला आणि हवी असलेली मुद्रणंसुद्धा मी घेईनासा झालो. घेणारेच थांबले तर देणाऱ्याने द्यायचं कोणाला?

तरी काहीतरी चलन लागतंच, हे मला पटलेलं आहे. सन २००० मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी न्यूटेला (Gnutella) हे फाइल वाटायचं नेटवर्क तपासलं, तेव्हा जवळपास ७० टक्के लोक काहीच शेअर करत नव्हते. त्याच सुमारास मोजो नेशन या फाइल वाटणाऱ्या दुसऱ्या नेटवर्कने ‘मोजो’ नावाचं चलन आणलं. तिथे काम केलेल्या ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरंट ही फाइल तुकड्यातुकड्यांनी वाटायची पद्धत काढली ती चलनाशिवाय: तू मला तुकडे दे, मी तुला देतो. पण ही देवघेव डाउनलोड चालू असेपर्यंतची. फाइल पूर्ण झाली की इतरांना देत थांबायचं कशासाठी?

बोनस पॉइंट नेमके त्या थांबण्याचे मिळतात. फाइल किती तास ठेवली ते मोजतात, सीडर (ती फाइल पूर्ण ठेवून देणारे) कमी असतील तर दर वाढतो, आणि साठलेले पॉइंट देऊन अपलोड क्रेडिट घेता येतं, म्हणजे रेशो वाढतो. एका मुद्रणाचा मी एकटाच सीडर होतो. तीन आठवडे कोणी फिरकलं नाही, पॉइंट मात्र जमत होते. मग एका रात्री कोणीतरी ते पूर्ण उतरवून घेतलं आणि सीडर दोन झाले. त्या रात्री फार बरं वाटलं.

उणीव आहेच. मोठ्या डिस्कवाल्यांकडे हजारो टोरंट (वाटायला ठेवलेल्या फाइली), त्यामुळे पॉइंटचे ढीग. नवखा शून्यावरून सुरू करतो. त्याला सुरुवातीचं क्रेडिट द्यावं असं मी दोनदा कळवलं, अजून उत्तर नाही. पॉइंटऐवजी बाजारात विकता येणारं नाणं मात्र नको. भाव पडला की लोक सीडिंग बंद करतील, अशी मला भीती वाटते.

सध्या माझा रेशो १.३ आहे. १४० टोरंट चालू आहेत, त्यांतल्या अकरांचा मी एकटाच सीडर. डिस्क भरत आली तरी ते अकरा काढणार नाही.