गुऱ्हाळावर नेलेला थर्मामीटर

वाळवा तालुक्यातील मामांच्या गुऱ्हाळासाठी मी गेल्या हंगामात सांगलीच्या गणपती पेठेतून स्टीलच्या सळईचा डिजिटल थर्मामीटर 450 रुपयांना घेतला. खोक्यावर उणे 50 ते 300 अंश सेल्सिअस असा पल्ला आणि एक अंश कमी-जास्त अशी चूक छापलेली आहे. पडद्यावर मात्र आकडा दशांशापर्यंत उमटतो. 116.4 दिसले म्हणून त्यातला शेवटचा 4 खरा मानण्याचे कारण नाही. उपकरण किती बारीक आकडा दाखवते आणि तो किती बरोबर असतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

घरी आणल्यावर आधी बर्फाची परीक्षा घेतली. पेलाभर बर्फाचा चुरा, त्यात थोडे पाणी, आणि दोन मिनिटे ढवळणे, एवढेच करायचे असते; बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत ते मिश्रण शून्यावरच थांबते. आकडा 0.3 आला. उकळत्या पाण्यात मात्र तो 98.1 च्या पुढे सरकेना, तेव्हा दुकानात परत करण्याचा विचार माझ्या मनात आला होता. मग लक्षात आले की सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे, आणि दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला तर पाणी 95-96 अंशांवरच उकळते. म्हणजे थर्मामीटर बरोबर होता, शाळेतले 100 इथे लागू नव्हते.

खरी कसोटी काहिलीवर लागली. उसाचा रस आटत जातो तसे पाणी कमी होते, साखरेचे प्रमाण वाढते आणि पाकाचा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणून तेथे तापमान पाहणे म्हणजे एका अर्थाने उरलेले पाणी मोजणेच असते. काकवी साधारण 105 अंशांवर उतरवतात, ढेपेचा गूळ 116 ते 118 वर. आमच्या गुळव्याने नेहमीप्रमाणे गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी बोटांनी दाबून पाहिली आणि काहील उतरवण्याची खूण केली, तेव्हा पडद्यावर 116 होते. पुस्तकी 118 मधून आपल्या उंचीचे दोन अंश वजा केले, तर तोच आकडा येतो. अर्थात एका काहिलीवरून नियम काढता येत नाही, पण त्यानंतरच्या काहिलींतही फरक दीड अंशापलीकडे गेला नाही.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. कोणताही थर्मामीटर मुळात स्वतःचेच तापमान सांगतो, म्हणून सळई पाकाइतकी तापेपर्यंत थांबणे भाग असते, आणि याला दहा-बारा सेकंद लागतात. शेवटच्या टप्प्यात पारा भराभर चढतो (पारा यात नाही, पण शब्द काही सुटत नाही), तेव्हा हे दहा सेकंदही जड जातात. संवेदक टोकाशी असल्याने टोक काहिलीच्या बुडाला टेकू द्यायचे नाही, कारण तेथे धातू पाकापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो.

याआधी मामांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मागवला होता, आणि ते पैसे वाया गेले. तो पृष्ठभागातून निघणाऱ्या उष्ण किरणांवरून अंदाज बांधतो. काहिलीवर मात्र त्याच्यासमोर येतो तो फेस आणि वाफ. लाल ठिपका फक्त नेम दाखवतो, मोजत काहीच नाही. उकळत्या रसावर त्याने 80 च्या आसपासचे आकडे दाखवले. भिंत किंवा तवा यांसाठी तो ठीक आहे, पण चकचकीत तांब्या-पितळेवर पुन्हा फसतो, कारण असा धातू स्वतः किरण कमी सोडतो आणि भोवतालचे परावर्तित करतो.

नव्या थर्मामीटरचे दोष सांगायचे तर सळई जेमतेम 15 सेंटीमीटर आहे, त्यामुळे तो बांबूला बांधूनच वापरावा लागला, वाफेने पडद्यावर धुके धरते आणि दहा मिनिटांनी तो आपोआप बंद होतो, तेही नेमका पाक वर येताना. दूध विरजताना किंवा घरी पाक करताना यातले काहीच अडत नाही, म्हणून घरासाठी पाचपैकी साडेचार आणि गुऱ्हाळासाठी तीन गुण. पुढच्या हंगामासाठी पडदा आणि सळई यांमध्ये मीटरभर वायर असलेला प्रकार मी त्याच दुकानात पाहून ठेवला आहे.