स्पायरोनोलॅक्टोन की अमिलोराइड?

तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, म्हणून डॉक्टरांनी चौथीसाठी ही दोन नावं सुचवली, आता कोणती, असं एका काकांनी विचारलं. दोन्ही लघवीवाटे मीठ काढतात आणि पोटॅशियम राखतात. फरक जागेचा.

काम: मूत्रपिंडातल्या नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात पेशी सोडियम परत आत ओढतात आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतात. सोडियम आत घेणारी पेशींवरची दारं वाढवण्याचा हुकूम अल्डोस्टेरॉन हे हार्मोन देतं. स्पायरोनोलॅक्टोन तो हुकूमच पोहोचू देत नाही. अमिलोराइड थेट दाराला बूच लावतं. म्हणून अमिलोराइड काही तासांत लागू पडतं, स्पायरोनोलॅक्टोनला दोन-तीन दिवस लागतात. लिडल सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक आजारात दारं हुकमाशिवायच जास्त असतात, तिथे स्पायरोनोलॅक्टोन निरुपयोगी.

त्रास: स्पायरोनोलॅक्टोन पुरुष हार्मोनच्या कामातही लुडबुड करतं. हृदय कमजोर असलेल्या रुग्णांवरच्या १९९९च्या रेल्स चाचणीत हे औषध घेणाऱ्या सुमारे १० टक्के पुरुषांची छाती दुखली किंवा वाढली. पुरुष हे डॉक्टरांना सांगायला लाजतात आणि गोळी गुपचूप बंद करतात! अमिलोराइडमध्ये ही भानगड नाही.

पोटॅशियम: रक्तात ते जास्त वाढण्याचा धोका दोन्हींत आहे. सोबत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी असेल, किडनी कमजोर असेल, तर रक्ततपासणी टाळू नका. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियमच असतं, तेही बघा.

हृदय कमजोर किंवा यकृताच्या आजारामुळे पोटात पाणी: स्पायरोनोलॅक्टोन. नुसतं हट्टी बीपी आणि छातीचा त्रास नको: अमिलोराइडबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.