बिगटेबलवर उभारलेला जानुसग्राफ

टायटन या आधीच्या ग्राफ डेटाबेसचा वारसा घेऊन 2017 मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलेला जानुसग्राफ हा ग्राफ डेटाबेस (म्हणजे माहिती घटक आणि त्यांच्यातील जोडण्या अशा रूपात ठेवणारी प्रणाली) साठवणीचे काम कॅसँड्रा, एचबेस या दुसऱ्या डेटाबेसवर किंवा बिगटेबल या गूगलच्या क्लाउड डेटाबेस सेवेवर सोपवतो. बिगटेबल निवडल्यास स्टोरेज सर्व्हरची उस्तवार करावी लागत नाही, ही मला त्याची सर्वांत भावलेली बाजू. प्रत्येक नोडला (म्हणजे ग्राहक, खाते अशा घटकाला) स्वतंत्र रो, म्हणजे तक्त्यातील ओळ, मिळते आणि त्याच्या सर्व जोडण्या त्याच रोमध्ये राहतात, त्यामुळे एखाद्या ग्राहकाशी जोडलेली खाती शोधणे सुटसुटीत होते. मात्र अतोनात जोडण्या असलेला नोड डोकेदुखी ठरतो, कारण बिगटेबलमध्ये एका रोची कमाल मर्यादा 256 एमबी आहे. शिवाय जोडणी दोन्ही टोकांच्या रोमध्ये लिहिली जाते, पण लेखन अर्धवट न राहण्याची बिगटेबलची हमी एकाच रोपुरती असते. म्हणून पैशांच्या हिशेबासाठी ही जोडी मी सुचवणार नाही.